आसनगांवचा अधिक महिना

प्रवासवर्णन लिहूं म्हणणाऱ्यानें निदान काशी-रामेश्वर तरी केलेलें असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तहि आहे. आम्ही ज्या प्रवासाविषयीं लिहीत आहों तो कल्याणाहून आसनगांवापर्यंतचा, म्हणजे लोकल गाडीनें अवघा पाऊण तासाचा. एवढ्या अंतरावर लोक रोज चाकरीसाठीं जा-ये करितात. तथापि चाळीस वर्षांच्या संसारांत याहून लांबचा प्रवास आम्हांस घडला नाहीं, असें आज वाटतें.

निमित्त आनंदाचें नव्हतें. २०२३ सालच्या ज्येष्ठांत आमचें कुटुंब स्वयंपाकघरांत घेरी येऊन पडलें. रक्त तपासलें तों हिमोग्लोबिन आठाच्याहि खालीं उतरलेलें. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, गोळ्या मी देतों, पण यांना महिनाभर विश्रांति हवी, ती मात्र माझ्याकडे मिळत नाहीं." आमच्या घरीं लहानथोर अकरा माणसें. सुना गुणी आहेत. त्यांनीं सासूबाईंस हातांत जपमाळ देऊन खुर्चींत बसविलें. परंतु कुकरची शिटी झाली कीं सौ.चे पाय आपोआप उठत. चौथ्या दिवशीं ती मागल्या दारीं बसून मुकाट्यानें ताक घुसळतांना आढळली. एकत्र कुटुंबास नांवें ठेवणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. त्याच्याच आधारावर आमचें शिक्षण झालें आणि आमच्या बहिणींचीं लग्नें झालीं. पण या घरांत राहून हिला विश्रांति मिळावयाची नाहीं, हें मात्र उघड दिसलें.

पुतण्यानें आसनगांवीं दोन खोल्यांचें बैठें घर घेऊन ठेविलें होतें, तें रिकामेंच होतें. दोघांनीं तेथें जाऊन राहावें असें ठरलें, तेव्हां घरांत थोडी कुजबुज झाली. भावजय तोंडाला पदर लावून "म्हातारपणीं मधुचंद्र" म्हणाल्या. आत्याबाईंचा आक्षेप जरा वजनदार होता. १८ जुलैपासून अधिक श्रावण लागत होता, आणि धोंड्याच्या महिन्यांत बिऱ्हाड हलवूं नये असें त्यांचें म्हणणें. आम्ही संवयीप्रमाणें फळ्याजवळ उभे असल्यासारखे समजावूं लागलों कीं, चांद्र वर्षाचे दिवस सुमारें ३५४ आणि सौर वर्षाचे ३६५. दरसाल अकरा दिवसांची तफावत पडते, ती भरून निघावी म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनीं, ज्या चांद्रमासांत सूर्याची संक्रांति येत नाहीं, तो मास अधिक धरितात. इतक्यांत आंतून सौ. म्हणाली, "म्हणजे हा महिना हिशेबाबाहेरचा ना? मग तो आम्हीं घेतला तर कोणाचें काय जातें?" आत्याबाईंना हंसूं आलें आणि वाद मिटला.

आसनगांव हें शहापूर तालुक्याचें स्टेशन. शहापूर गांव तेथून तीनेक किलोमीटरांवर आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५४ सालीं कल्याणास, १८५५ सालीं वाशिंदास व १८६१ सालीं कसाऱ्यास पोहोंचली, आणि पुढें थळघाट चढून १८६५ सालीं इगतपुरीस गेली. टिटवाळा मागें पडलें कीं इमारती विरळ होतात आणि दोन्ही अंगांस भातखाचरें लागतात. आम्ही गेलों तेव्हां लावणी चालू होती. गुडघाभर चिखलांत वांकलेल्या बायांची रांग पाहून सौ.नें कमरेस हात लावला, तो आम्हीं पाहिला.

घराच्या मागल्या पडवींतून माहुलीचा डोंगर दिसे. म्हणजे पाऊस त्यास दिसूं देई तेव्हां. उंची सुमारें २८०० फूट. १६३६ सालीं शहाजीराजांनीं निजामशाहीचा बालराजा घेऊन याच किल्ल्यावर मोंगल व विजापूरकर यांच्याशीं अखेरचा झगडा केला, हें आम्हीं वर्गांत कितीदां सांगितलें असेल. किल्ला मात्र गाडीच्या खिडकींतूनहि कधीं नीट पाहिला नव्हता. त्याच्या माथ्यावरच्या सुळक्यांना लोकांनीं नवरा, नवरी आणि भटोबा अशीं नांवें दिलीं आहेत. सौ.ला तीं फार आवडलीं. ढग फाटला कीं ती हांक मारी, "अहो, वऱ्हाड आलें!" यांतला नवरा कोणता व नवरी कोणती यावर आमचा महिनाभर एकमत झालें नाहीं. भटोबाविषयीं मात्र दोघांचें एकमत होतें कीं, एवढ्या पावसांत तो दक्षिणेच्या आशेनेंच उभा असला पाहिजे.

पहिले तीन दिवस जड गेले. मुलें, नातवंडें, दूधवाला, विजेचें बिल यांखेरीज बोलावयास विषयच सांपडेना. आम्ही वर्तमानपत्र दोनदां वाचीत असूं. ती भिंतीकडे पाहात बसे. संस्कृतांत दोघांपुरतें निराळें वचन आहे. वयम् निराळें, आवाम् निराळें. मराठीनें तें द्विवचन टाकलें आणि आमच्या घरानेंहि. जन्मभर लिहितांना आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणत आलों तें एकट्यासाठीं. घरांत 'आम्ही' म्हणजे अकराजण. दोघांचें असें वचन आम्हीं कधीं चालवून पाहिलेंच नव्हतें.

चौथ्या दिवशीं तेलाची गोष्ट घडली. वाग्भटानें अष्टांगहृदयांतील दिनचर्येच्या अध्यायांत नित्य अभ्यंग सांगितला असून डोकें, कान व पावलें यांस तो विशेषेंकरून करावा असें म्हटलें आहे. तो भाग आम्हांस पाठ आहे. सौ.च्या टाचांना भेगा पडून रक्त येत होतें, तें पाहून आम्हीं तिळाचें तेल कोमट केलें आणि तिच्या पायांशीं बसलों. तिनें पाय पोटाशीं ओढून घेतले. "हें काय? पाप लावतां का मला!" आम्हीं वाग्भट सांगितला, त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. शेवटीं म्हणालों, "डॉक्टरांनीं सांगितलें आहे." तें खोटें होतें, पण तिनें मान्य केलें व तोंड दुसरीकडे वळवून बसली.

डाव्या पावलावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसला. हा कधींचा, असें विचारलें. "वन्संच्या लग्नांतला. जिलबीचा पाक सांडला होता." तें लग्न १९९१ सालचें. आम्हांस कसें कळलें नाहीं, म्हणून विचारलें, तर अगदीं सहज म्हणाली, "तुम्ही पेपर तपासत होतां." तिच्या आवाजांत तक्रार नव्हती. असती तर आम्हांस उत्तर देतां आलें असतें. चाळीस दिवाळ्यांच्या पहांटे या बाईनें घरांतल्या प्रत्येकाच्या पाठीस तेल लाविलें, आणि तिचें स्वतःचें न्हाणें शेवटीं, थंड पाण्यानें, घाईनें उरकलें गेलें, हें त्या वेळीं प्रथम मनांत आलें. आम्ही बराच वेळ तेल चोळीत राहिलों. त्यानंतर रोजचा तो नेम झाला. पुढें पुढें ती आपण होऊन वाटी कोमट करून ठेवीत असे.

जेवणाचाहि असाच एक शोध लागला. सौ.ला भाताची खरवड आवडते अशी घरांत सर्वांची समजूत, आणि पातेलें तिच्यासाठीं राखून ठेवण्याची आमच्या मातोश्रींच्या वेळेपासूनची रीत. आसनगांवीं आम्हीं भात लावला तो अर्थातच करपला. मोठ्या प्रेमानें आम्हीं खरवड तिच्या पानांत वाढली. ती म्हणाली, "आज तरी नको हो." तिला ती कधींच आवडत नव्हती, उरे म्हणून ती खात असे. मग आवडतें काय, तर कर्टुलीं! हिंगाची फोडणी आणि वर ओलें खोबरें. मुलांना तीं आवडत नाहींत, म्हणून कल्याणच्या घरीं कित्येक वर्षांत आलीं नव्हतीं.

तीं विकावयास एक ठाकर समाजाची बाई दाराशीं येई. कधीं टाकळा, कधीं कुर्डू, कधीं भारंगीचा पाला. पायरीवर बसून दोघींच्या गप्पा चालत. तिच्याकडून कळलें कीं, चैत्र-वैशाखांत तिच्या पाड्यावर टँकरची वाट पाहावी लागते. तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला तेव्हांपासून मुंबई या तालुक्याचें पाणी पीत आहे, पुढें भातसा धरणहि झालें. आणि पाडा कोरडाच. ती गेल्यावर सौ. कर्टुलीं चिरतां चिरतां म्हणाली, "सगळ्यांना वाढून झालें कीं वाढणारीला पातेलें." ती पाण्याविषयींच बोलत होती, तरी आम्हीं उगाच वर्तमानपत्र उचललें.

संध्याकाळीं पाऊस उघडला तर स्टेशनावर जात असूं. दोघांचें फलाटाचें तिकीट वीस रुपये. रोजची ही उधळपट्टी कशाला, असें ती पहिल्या दिवशीं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीं आमच्याआधीं चपला घालून उभी राहिली. कांहीं लोकल गाड्या आसनगांवींच संपतात. गाडी रिकामी झाली कीं मोटरमन आपली पिशवी घेऊन फलाटावरून चालत दुसऱ्या टोंकास जातो आणि तेंच टोंक गाडीचें तोंड होतें. हा प्रकार सौ.ला कितीहि वेळां पाहून कंटाळा येत नसे. बांकावर बसून आम्ही शेंगा खात असूं. याच बांकावर तिनें आम्हांस सांगितलें कीं, लग्नाआधीं तिला इंग्रजी पांचवीपासून पुढें संस्कृत शिकावयाचें होतें. घरांत संस्कृताचा मास्तर चाळीस वर्षें होता! तेव्हांपासून रोज सकाळीं एक शब्दरूप सुरू झालें. द्विवचनाशीं ती अडखळते. तें आम्ही क्षम्य मानतों.

१ ऑगस्टची सकाळ निराळी उगवली. आदल्या रात्रीं याच तालुक्यांत सरळांबे गांवाजवळ समृद्धि महामार्गाच्या पुलाच्या कामावर तुळया चढविण्याचें अजस्र यंत्र कोसळलें. वीस माणसें गेलीं. त्यांत पुष्कळसे दूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेले. दिवसभर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे ऐकूं येत होते. "त्यांच्या बायकांना कोण सांगत असेल?" एवढेंच सौ. म्हणाली. त्या दिवशीं अधिक पौर्णिमा होती. दीपदानासाठीं काढलेल्या पणत्या तिनें पडवींत ओळीनें लावल्या, आणि आम्ही दोघें त्या विझेपर्यंत न बोलतां बसलों होतों. चाळीस वर्षें एका छपराखालीं काढून दोघेंहि धड आहों, याचें आम्हांस त्या रात्रीं भय वाटलें.

भांडणहि एक झालें. अधिक मासांत जांवयास तेहतीस अनारसे द्यावयाचे. संस्कृतांत ज्यांस अपूप म्हणतात ते हेच, असा आमचा तर्क. सौ.नें आम्हांस न विचारतां तांदूळ भिजत घातले. तीन दिवस पाणी बदलणें, वाळविणें, कुटणें, हा खटाटोप पाहून आम्ही रागावलों. विश्रांतीसाठीं येथें आलों ना, म्हणून दोन शब्द जास्तच बोललों. ती शांतपणें म्हणाली, "तिथें मी करतें तें काम. हें मी हौसेनें करतें आहे. तुम्हांला दोन्ही सारखींच दिसतात." आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपांत सोडला, तों दमट हवेमुळें म्हणा कीं आम्हीं पीठ नीट न कुटल्यामुळें म्हणा, हंसून सगळा विरघळला. त्यावर आम्हीहि हंसलों. तेहतिसांपैकीं एकोणीस साधले. जांवयांनीं मोजले नाहींत, ही त्यांची सज्जनता.

१६ ऑगस्टला, अमावास्येस, परत आलों. रक्त पुन्हां तपासलें, तें साडेनवांवर चढलें होतें. दुसऱ्या दिवशीं निज श्रावण लागला आणि घर सणांच्या तयारीस लागलें. कुकरच्या शिट्या पूर्ववत् सुरू झाल्या, सौ.चे पायहि पूर्ववत् उठले. धाकट्या सुनेस आम्हीं कर्टुल्यांची गोष्ट सांगितली, तेव्हां तिनें त्याच संध्याकाळीं पाव किलो आणलीं. मुलांनीं नाकें मुरडलीं.

रात्रीं निजानीज झाल्यावर आम्हीं तेलाची वाटी कोमट करून खोलींत नेली. पलीकडे आत्याबाई जाग्या होत्या, त्यांची माळ ऐकूं येत होती. सौ.नें आमच्याकडे पाहिलें, वाटीकडे पाहिलें, क्षणभर पाय आंखडले.

"आधीं दार लोटून घ्या," ती म्हणाली.