नाव नसलेली बाई

परवा माळा आवरताना आजीची पत्र्याची पेटी खाली काढली. पितळी भांड्यांखाली जुन्या फोटोंचं एक पुडकं निघालं. काहींच्या कडा करवतीसारख्या कापलेल्या, काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक आलेली. (फोटोतली चांदीच अशी वर येते.) अर्धी माणसं ओळखू येईनात. टोपीवाले काका, सायकलला टेकलेला तरुण... असतील कोणीतरी, म्हणून पुढे गेले.

एका फोटोवर मात्र अडकले. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खुर्चीत नऊवारीतली बाई, मांडीवर टकलू बाळ. मागे आजोबांच्या शाईतल्या अक्षरात, 'चि. अण्णा, वय ८ महिने, १९४९'. अण्णा म्हणजे माझे बाबा. बाईचं नाव नाही. ती आजी नव्हे, आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं. हिचं कपाळही मोकळं. जुन्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटायचा, म्हणजे कुंकू असतं तर दिसलं असतं.

१८६०-७० च्या सुमारास परदेशात फोटोला काही सेकंद लागत, तेव्हा बाळ हलू नये म्हणून आईच्या अंगावर कापड टाकून तिच्या मांडीवर बाळाला बसवत. इथे ही बाई चांगली समोर बघतेय, तरी लपलेलीच!

काकू म्हणाली, बाळंतपण करायला आलेली असेल. काका म्हणाले, छे, आजोबांची चुलत बहीण, लहानपणीच विधवा झालेली. थोरल्या आत्याला नक्की ठाऊक असणार, पण ती २०१९ साली गेली. तिच्या शेवटच्या दिवाळीला 'पेटी काढू या गं' असं ती दोनदा म्हणाली होती. मला फराळाची घाई होती. असो.

शेवटी बाबांनाच दाखवला. बराच वेळ चष्मा वर-खाली करत बघत राहिले. मग म्हणाले, "हिच्या कुशीत झोपायचो मी. लुगड्याला ओव्याचा वास यायचा."

"कोण होती?"

"तेच तर... मी हिला काय हाक मारायचो?"

मला विचारत होते.

आजोबांच्या ओळीखाली जागा आहे. पेन्सिल घेऊन मी विचारलं, आत्तापुरतं काय लिहू? तर फोटो माझ्या हातातून घेत म्हणाले, "काही लिहू नकोस. दोन दिवस थांब. आठवेल मला."

आज अकरावा दिवस. फोटो त्यांच्या उशाशी आहे.