कलिन्यातली टिपणे: फांद्या आणि उजेड

जून लागला की कलिन्यात, मुंबई विद्यापीठाच्या आवारात, हवा ओली होते. ब्युटिल लिथियमला ओल चालत नाही, म्हणून त्याचं काम हिवाळ्यातच उरकावं: ट्रायब्रोमोबेंझिन, उणे ७८ अंश, आणि हाती आलेलं बोरॉनिक आम्ल नीट साठवून ठेवावं. त्यातून फांद्यांचा पॉलिमर बांधणारी पुढची सुझुकी जोडणी भर पावसातही होते. तिला पाणी चालतं, कार्बोनेट विरघळायला ते लागतंच. ऑक्सिजन मात्र अजिबात नको. टोल्युइनमधून नायट्रोजन सोडण्यात घाई केली, तर पॅलेडियमचा पिवळा उत्प्रेरक काळा पडतो आणि साखळी वाढायची थांबते.

*

पॉलिमरला फांद्या कशासाठी? सरळ साखळीतली सपाट वलयं घन रूपात पत्रावळींच्या चळतीसारखी एकमेकांवर बसतात. द्रावणात झळाळणारा पॉलिमर काचेवर पातळ थरात पसरला की मंदावतो, शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. फांद्या असल्या की चळत जमत नाही. याची किंमतही आहे: बेंझिनच्या १, ३, ५ जागांवर जोडलं की इलेक्ट्रॉनांचा सलग पसारा तुटतो आणि प्रकाश जांभळ्याच्याही पलीकडे, अतिनीलकडे सरकतो. डोळ्यांना दिसणारा निळा हवा असेल तर मधे फ्लुओरिन (fluorene हे संयुग, फ्लोरिन मूलद्रव्य नव्हे) घालावं.

*

पॉलिमर-शास्त्रज्ञ फ्लोरी, १९५२. ज्या रेणूला एका प्रकारचा एक हात आणि दुसऱ्या प्रकारचे दोन, तो कितीही वाढला तरी त्याची जेली होत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवलं. दोन हातांचा आणि तीन हातांचा असे वेगळे रेणू एकत्र टाकले, तर ही हमी जाते. फ्लुओरिनच्या मार्गात (दोन हातांचं फ्लुओरिन, तीन हातांचं बेंझिन) नेमकं तेच होतं. म्हणून द्रावण पातळ ठेवायचं आणि वेळेवर थांबवायचं. एकदा जेली झाली की कुठलाही द्रावक उपयोगाचा नाही.

*

केंब्रिजमध्ये पीपीव्ही हा सरळ साखळीचा पॉलिमर विजेने उजळला, ती बातमी १९९०ची. ड्युपाँचे किम आणि वेबस्टर यांचा शाखायुक्त पॉलिफिनिलीनवरचा शोधनिबंधही त्याच वर्षीचा. त्यांनी टोकांवरच्या ब्रोमिनच्या जागी कार्बोक्सिल गट आणला आणि नुसत्या बेंझिन वलयांचा तो गोळा पाण्यात विरघळवला. मला यात माटुंग्याची आठवण येते. तिथे यूडीसीटीत, म्हणजे विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, के. वेंकटरामन यांच्या हाताखाली पिढ्या रंगरसायन शिकल्या, आणि रंगाला पाण्यात उतरवायला सल्फोनिक गट जोडणं हा त्या शास्त्राचा पाया. सांगाडा तसाच ठेवून कडा बदलायच्या, ही विद्या मुंबईला जुनी आहे.

*

टोकांवर ब्रोमिन तसाच राहू देऊ नये. जड अणू प्रतिदीप्ती मारतो. शेवटी फिनिल बोरॉनिक आम्ल घालून टोकं बंद करावीत. उरलेलं पॅलेडियमही उजेड खातं, ते धुऊन काढावं.

*

जीपीसीचा, म्हणजे रेणूंचं वजन मोजण्याच्या पद्धतीचा, आकडा जसाच्या तसा घेऊ नये. फांद्यांचा रेणू आटोपशीर असतो, म्हणून पॉलिस्टायरिनच्या मापाने त्याचं वजन कमी भरतं.

*

रसायनशास्त्रज्ञ म्युलेन यांचे डेंड्रिमर, हेही फांद्यांचेच रेणू, अधिक रेखीव, प्रत्येक पिढी वेगळी बांधलेली. पण प्रत्येक पिढीला नवी पायरी, नवं शुद्धीकरण. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, मोजक्या पैशांत, एका भांड्यात होणारा वेडावाकडा पॉलिमर मला जास्त मोलाचा वाटतो. मोठ्या पृष्ठावर थर द्यायचा तर ग्रॅमने माल लागतो, आणि तो याच मार्गाने मिळेल.