दुसरा डोळा

पहिला डोळा जमतोच. खरी परीक्षा दुसऱ्याची. चार इंची वारकऱ्याचं डोकं जेमतेम अर्ध्या इंचाचं, त्यात डोळा ज्वारीच्या दाण्याएवढा. लाकडाची रेषा उभी, पापणी आडवी. ती आधी नीट दाबून घेतली नाही तर ढलपी थेट कपाळापर्यंत निघते. तेवढं सांभाळून पहिला डोळा उमटला की मन सुखावतं, आणि तिथेच पंचाईत सुरू होते. पहिल्याला काही बंधन नव्हतं. दुसऱ्याने मात्र त्याच्या बरोबरीने त्याच माणसाकडे पाहायचं असतं.

या दुसऱ्या डोळ्यापायी मी लाकडं बदलली. सागात धार लवकर मरते, आणि बारीक कोपरा टिकण्याआधीच तुटतो. मग शिवणीवर आलो. शिवण पात्याला मऊ लागते, वळणावर साथ देते. पात्यांचे कोन बदलले, चामड्याच्या पट्ट्यावर धार लावत संध्याकाळी घालवल्या. तरी नाकाच्या डावीकडचा कोपरा अडतोच. उजव्या हाताला तिथे पोचायचं तर मधे नाक येतं. मूर्ती उलटी धरली तर हाताला जागा मिळते, पण मग वरची पापणी खाली येते आणि नजर चुकते.

सावंतवाडीच्या चितार आळीतल्या कारागिरांनी हा प्रश्न कुंचल्याने सोडवला. त्यांच्या लाकडी बाहुल्यांचे डोळे रंगाचे. त्या हाताची लय मला येणार नाही, हे मान्य. पण माझा हट्ट पात्याचा. रंग नाही, पॉलिश पेपर नाही, पात्याचे काप दिसलेच पाहिजेत. स्वीडनचा अ‍ॅक्सेल पीटरसन (१८६८–१९२५), ज्याला लोक ‘डोडरहुल्टार्न’ म्हणत, तो आपल्या गावच्या लोकांची लग्नं, अंत्ययात्रा, लिलाव मोजक्या कापांत कोरायचा. त्याच्या मूर्ती मी फक्त छायाचित्रांत पाहिल्या आहेत, तरी त्यांतली माणसं एकमेकांकडे बघतात हे कळतं.

हल्ली प्रदर्शनांत यंत्रावर कोरलेल्या मूर्तींची रांग असते. संगणकात अर्धा चेहरा काढायचा, तोच उलटवून दुसरीकडे जोडायचा. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे, आणि नजर कुठेच नाही. पण त्याहून जास्त राग मला आमच्यातल्याच काहींचा येतो. डोळा वाकडा झाला की ते म्हणतात, माणसाचा चेहरा तरी कुठे सारखा असतो? नसतो, खरं आहे. पण चेहरा कसाही असला तरी समोर बघणाऱ्या माणसाचे दोन्ही डोळे एकाच जागी लागलेले असतात. ते साधलं नाही तर निसर्गाचा दाखला देऊ नये.

हे सगळं मी ठाम धरून होतो, तोवर पुतणी शिकायला आली. ती डावखुरी. पहिल्याच चेहऱ्यावर तिने नाकाच्या डावीकडचा डोळा इतक्या सहज काढला की मी बघत राहिलो. मला जो सोपा, त्या उजवीकडच्या डोळ्यापाशी मात्र तिचं पातं अडलं. मला आनंद झाला. कोडं सुटलं असं वाटलं. एक मूर्ती घेतली, आपापल्या सोयीचा एकेक डोळा दोघांनी कोरला. दोन्ही डोळे स्वच्छ, कोपरे धारदार. पण वारकऱ्याचा एक डोळा कळसाकडे लागलेला आणि दुसरा पायरीकडे. तिच्या डोळ्यात तिचा वारकरी होता, माझ्यात माझा.

म्हणजे अडचण नाकाची नव्हती आणि हाताचीही नव्हती. ती म्हणाली, ‘‘काका, एक डोळा पुरा करायचाच कशाला?’’ आता ती एक काप इकडे, एक काप तिकडे असं करत दोन्ही एकदम उघडत नेते. मीही तसंच करतो, पण मधेच एका डोळ्यावर जीव जडतो आणि तो पुरा केल्याशिवाय हात थांबत नाही. पहिल्या डोळ्याची ती चटक अजून सुटत नाही.

मागच्या प्रदर्शनात दोघांचे वारकरी शेजारी मांडले होते. लोक तिच्यापाशी जास्त थांबले. एका आजींनी तिचा वारकरी उचलून स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘‘हा बघतोय माझ्याकडे.’’ मी कौतुकाने हसलो, पण आत कुठेतरी झोंबलं. आजवर हे वाक्य लोक माझ्या मूर्तींपाशी म्हणायचे, आणि ते ऐकायला मी मुद्दाम टेबलाच्या मागे रेंगाळायचो. त्या रात्री शिवणीचा नवा तुकडा घेऊन बसलो. तिला शिकवायचंय, हे खरंच. पण तिच्याहून चांगला दुसरा डोळा मला कोरायचाय, हे त्याहून खरं आहे, आणि ते तिलाही ठाऊक आहे.