गिटारवर गज

गिटार बोटाने छेडतात, नाहीतर त्या प्लास्टिकच्या तुकड्याने, एवढं मला माहीत होतं. पडद्यावरचा हा झिपऱ्या माणूस मात्र गिटारवर व्हायोलिनचा गज मारत होता. तारांवर एक फटका, मग गज हवेत उंच, मग तो पब्लिककडे रोखलेला. आवाजाचा पत्ता नाही. मधेच कुणाचं डोकं आडवं येई, चित्र लालेलाल होई, पार काळं होई, आणि एकदम ड्रमवाल्याचा दंड दिसू लागे.

"हे काय आहे बे?"

"लेड झेपलिन, मामाजी. १९७५ चं, अमेरिकेतलं. पब्लिकमधून कुणीतरी काढलेलं."

बोरगाव मेघेत माझा व्हिडिओ शूटिंगचा धंदा. पॅनासॉनिकचा एम ९००० खांद्यावर घेऊन वर्ध्याच्या आसपासची किती लग्नं काढली त्याचा हिशेब नाही. आता ड्रोनवाली पोरं आली, म्हणून मी जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून देतो. धुमालचा दणका आणि खंजेरी भजनं ही माझ्या कानाची शाळा. रॉक म्हणजे पोरांच्या काळ्या टी-शर्टावर छापलेलं असतं ते. भाचा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तो फराळाआधी हार्ड डिस्क घेऊन माझ्या टेबलाशी बसला. त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक ही मुकी फिल्म, आणि दुसरी त्याच रात्रीची ध्वनिफीत, तीही प्रेक्षकातल्याच कुणीतरी चोरून केलेली. दोघांची एकमेकांशी ओळख असेल असं काही दिसत नव्हतं. त्यांचं लग्न मी लावायचं होतं.

एवढा मोठा बँड, तर त्यांचं स्वतःचं शूटिंग नसेल का, हा माझा पहिला प्रश्न. थोडंच आहे, तो म्हणाला. त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट, पहाडासारखा माणूस, टीव्हीच्या वाटेला फारसा जाऊच देत नसे. १९७३ चे न्यूयॉर्कचे कार्यक्रम घेऊन १९७६ ला एक सिनेमा काढला. १९८० च्या सप्टेंबरात ड्रमवाला जॉन बॉनहॅम वारला आणि बँडच मोडला. मग २००३ ला जुनं शूटिंग जमवून डीव्हीडी काढेपर्यंत चाहत्यांना बघायला अधिकृत असं फार काही नव्हतं. उरलं ते पब्लिकने कोटात लपवून नेलेल्या कॅमेऱ्यांत. आणि ग्रँटला ते दिसलं तर खैर नसे. १९७१ ला व्हँकुव्हरमध्ये त्याने एकाचं यंत्र चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याचं समजून फोडलं. तो निघाला आवाजाची पातळी मोजायला आलेला सरकारी माणूस! आमच्याकडे वरातीचे डेसिबल मोजायला पोलीस येतात तेव्हा डीजेवाला फार तर हात जोडतो.

आवाज पकडणारे लोक तर आणखी वेगळ्या मातीचे. लॉस एंजेलिसकडचा माइक मिलर्ड नावाचा एक होता. १९७७ ला तो व्हीलचेअरवर बसून आत गेला. चालता येत असताना. खुर्चीत नाकामिचीचा जडशीळ टेपरेकॉर्डर लपवलेला. त्या वर्षीच्या त्याच्या टेपा आजही लोक कानात प्राण आणून ऐकतात म्हणे. मी एक ऐकली. आवाज स्वच्छ आहे यात वाद नाही. गाणं कोणतं कुठे संपतं ते मात्र मला कळलं नाही, कारण एकेक गाणं अर्धा अर्धा तास चालतं. गजाचं जे गाणं आहे, 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड', ते १९७५ ला अर्ध्या तासावर जाई. आणि माझ्याकडे त्यातले तुकडे होते दहा-बारा सेकंदांचे, तेही मुके. कुठून सुरुवात करायची?

पहिल्यांदा डोळ्यात खुपलं ते माणसांचं चालणं. सगळे लगबगीत, चार्ली चॅप्लिनसारखे. हे माझ्या ओळखीचं दुखणं निघालं. सुपर एटची फिल्म बहुधा सेकंदाला १८ फ्रेमने काढत. ज्याने कुणी ती कॉम्प्युटरवर उतरवली त्याने सरळ २५ ने पळवली. मी टाइमलाइनवर वेग ७२ टक्क्यांवर आणला आणि गायक माणसासारखा चालू लागला. भाचा खुर्चीतून उठला. मला वाटलं, काही बिघडलं.

पुढचं काम किचकट. ओठ जुळवायचे तर गायकाचे ओठ दिसतच नव्हते. ड्रमवाल्याचा हात दिसे, पण तो इतक्या वेळा खाली येतो की कोणता ठोका कोणता ते कळेना. शेवटी गजच कामी आला. फटका मारला की आवाज एकदा येतो आणि मग घुमत घुमत परत परत येतो, कारण मध्ये एको मशीन लावलेलं. घुमणारे सोडून द्यायचे, पहिला धरायचा. दोन फटक्यांमधलं अंतर फ्रेमा मोजून काढलं, लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे लिहिले आणि टेपच्या आवाजाच्या आलेखात तीच अंतरं शोधत बसलो. सापडली, तर थोड्या वेळाने पुन्हा सरकली. टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की फीत हळू फिरते, आणि आज ऐकताना सूर चढलेला लागतो. शिवाय कॅसेट उलटी करताना गेलेले काही क्षण कुणाकडेच नाहीत.

भाच्याचं सगळं लक्ष तारखेकडे. त्या जानेवारीत गिटारवाल्या जिमी पेजचं डाव्या हाताचं बोट रेल्वेच्या दारात चेंगरलं होतं, म्हणून दौऱ्याच्या सुरुवातीला हे गाणं वगळलेलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते परत आलं. म्हणजे हे गाणं असलं की जानेवारी बाद. आमच्याकडे कॅसेटवर नाव नसलं की आम्ही वरमाईच्या शालूवरून लग्न ओळखतो. यांचं शास्त्र त्याहून कडक आहे.

माझं लक्ष शूटिंगवाल्याकडे लागलं होतं. ५० फुटांचं काडतूस, १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंदं. मग अंधारात दुसरं घालायचं, तेही खिशात असेल तर. फिल्म महाग, धुलाई वेगळी. माझ्यासारखी तीन तासांची कॅसेट लावून निवांत उभं राहायची सोय त्याला नव्हती. म्हणून त्याने बटण कुठे दाबलं आणि कुठे सोडलं ते बघत गेलं की माणूस कळत जातो. गायक रॉबर्ट प्लँट छाती उघडी टाकून स्टेजभर फिरतोय, पोरी किंचाळताहेत, तिथे याने फिल्म वाचवली. गज बाहेर निघायच्या नेमक्या आधी बटण दाबलं. म्हणजे याला ठाऊक होतं, तो काय येणार ते ओळखून बसला होता. मंगलाष्टकं कधी संपणार हे ज्या शूटिंगवाल्याला कळत नाही त्याच्या हातून अक्षता सुटतात. याच्या हातून नाही सुटल्या. चित्र हलतं, खरं आहे. पुढचे लोक उठून उभे राहतात त्याला तो काय करणार? टेपमध्येही कुणीतरी पुढच्याला खाली बस म्हणून ओरडतोय. तेवढी एकच ओळ मला भाषांतराशिवाय समजली. जन्मभर मी तीच ओरडत आलोय.

मधल्या चहाला भाच्याने सांगितलं की पेज आणि प्लँट १९७२ ला मुंबईत होते, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवून गेले, आणि आपल्याकडच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ ला. पूर्ण बँड घेऊन भारतात कार्यक्रम त्यांनी कधी केलाच नाही. बायको म्हणाली, मग बरं झालं, नाहीतर तुम्ही दोघं तेही जुळवत बसला असता.

शेवटी एक तुकडा उरला. प्लँट माइक धरून वाकलेला, आठ-नऊ सेकंदं. टेपमध्ये कुठेच बसेना. मी म्हटलं, दे ठेवून कुठलाही आवाज, कुणाला कळतंय. आम्ही वरात मुकी निघाली की वरून सनई टाकतो. भाच्याला धक्काच बसला. खोटा आवाज लावायचा नाही, हा त्यांच्यातला अलिखित नियम. मी विचारलं, मग तुमच्या त्या २००३ च्या डीव्हीडीत? कारण थोड्या वेळापूर्वी त्यानेच मला 'इमिग्रंट साँग' दाखवलं होतं: चित्र १९७२ च्या सिडनीचं आणि आवाज त्याच वर्षीच्या लाँग बीचचा. खुद्द पेजनेच करवून घेतलेलं.

"त्यांचं त्यांनी केलं तर चालतं, मामाजी. आपण नाही करायचं."

हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. पण काम त्याचं, मर्जी त्याची. तुकडा तसाच शेवटी लावला. रात्री सगळ्यांना टीव्हीवर दाखवलं. शेवटाला आवाज थांबला तशी बायको रिमोटची बटणं दाबू लागली. "आवाज गेला काय जी?"

"नाही मामी," भाचा म्हणाला, "सापडायचा आहे." आणि दुसऱ्या दिवशी तो पुण्याला जाताना त्याच दौऱ्याची आणखी एक टेप माझ्या कॉम्प्युटरवर टाकून गेला. तीन तासांहून मोठी आहे. मी फटके शोधतोय.