सार्वजनिक घर

मद्यपानाच्या जागेविषयीं या मासिकांत लिहावें, याचें आमच्या कांहीं वाचकांना नवल वाटेल व घरांतील वडील मंडळींच्या भिवया थोड्या वर चढतील. त्यांना प्रारंभींच अभय देतों. आम्ही मद्याला स्पर्श करीत नाहीं, आणि तो कोणीं करावा असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु इंग्रज लोक ज्याला 'पब' म्हणतात, त्याचें संपूर्ण नांव 'पब्लिक हाउस', म्हणजे सार्वजनिक घर, असें आहे. आणि घर ओस कां पडतें, हा प्रश्न मद्याचा नसून शेजाराचा आहे.

इंग्लंडच्या मध्यभागांतील एका औद्योगिक शहरांत आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडे आम्ही कांहीं महिने होतों. बिऱ्हाडापासून पन्नास पावलांवर एक पब होता. इमारत जुनी व ऐसपैस, दारावर रंगीत पाटी, बाहेर फुलांच्या टोपल्या टांगलेल्या. भोंवतीं घरांची दाटी. असें असूनही संध्याकाळीं आंत चार-पांच माणसांपलीकडे कोणी दिसत नसे. "दाराशीं एवढी वस्ती असून याचें दुकान कां चालूं नये?" असा प्रश्न आमच्या कुटुंबानें केला. आम्हीं तो शेजाऱ्यांना विचारला. प्रत्येकानें निराळें उत्तर दिलें, आणि प्रत्येकाचें थोडें थोडें खरें होतें.

पहिलें कारण पैशाचें. १८३० च्या कायद्यानें घरपट्टी भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनींत बिअर विकण्याचा परवाना मिळूं लागला. पुढें मद्य गाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं अशीं घरें विकत घेतलीं, व चालकानें माल आपल्याकडूनच घ्यावा अशी अट घातली. १९८९ मध्यें सरकारनें या मक्त्यावर मर्यादा आणली. पण मोकळीं झालेलीं पुष्कळशीं घरें जमीनजुमल्याच्या कंपन्यांच्या हातीं गेलीं आणि अट तशीच राहिली. चालक भाडेही भरतो व मालही बाजारभावाहून महाग घेतो. मग त्याच्या पेल्याची किंमत चढते, आणि गिऱ्हाईक दुकानांतून स्वस्त बाटली आणून घरीं बसतें. १ जुलै २००७ पासून आंत धूम्रपानास बंदी झाली, तेव्हां विडीबहाद्दर उठून गेले. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें दारें बंद झालीं, आणि घरीं बसण्याची संवय पक्की झाली.

हीं कारणें खोटीं नाहींत. परंतु तीं पुरेशीं नाहींत. कर व कायदे साऱ्या शहराला सारखेच असतांना एक जागा गजबजलेली आणि दुसरी सुनी, असें कां? याचें उत्तर आम्हांला कोपऱ्यावरच्या त्या पबच्या दारांतच मिळालें. खिडक्यांच्या कांचा जुन्या पद्धतीच्या, नक्षी कोरून अंधुक केलेल्या; आंत कोण बसलें आहे तें बाहेरून दिसत नाहीं. दार लोटलें कीं फळीशीं बसलेलीं चारही डोकीं एकदम वळतात. त्या दृष्टींत वैर नसतें. पण 'हा कोण?' एवढा प्रश्न मात्र असतो, आणि तेवढ्यानें नवखा माणूस परततो. चालक दीड-दोन वर्षांनीं बदलतो. जेवण आज मिळतें, उद्यां मिळत नाहीं. कोपऱ्यांतील दूरदर्शन कोणी पाहात नसलें तरी मोठ्यानें बोलत असतें. ज्या कारखान्यांतून पाळी सुटली कीं माणसांचा लोंढा येथें येई, ते कारखाने गेले. त्या कामगारांच्या घरांत आतां निराळे लोक राहतात. हे लोक काय खातात, त्यांच्या बायकामुलांनीं कोठें बसावें, याची चौकशी मात्र कोणीं केलेली नाहीं.

ही चौकशी न करण्याची किंमत काय असते, हें त्याच मुलखांत पाहावयास मिळतें. बर्मिंगहॅमजवळ स्मेथिक नांवाचें गांव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील ओतकामाच्या कारखान्यांत पुष्कळ पंजाबी कामगार आले. दिवसभर भट्टीशीं खपलेल्या या माणसांना कित्येक पबांत मज्जाव असे, किंवा एखाद्या ठराविक दालनांतच बसूं देत. फेब्रुवारी १९६५ मध्यें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स तेथें गेले, तेव्हां त्यांनाही एका पबच्या दालनांत हाच अनुभव आला. त्याच वर्षीं सार्वजनिक जागीं असा भेद करण्यास कायद्यानें बंदी झाली. पुढें जेव्हां गोरें गिऱ्हाईक ओसरलें व हीं घरें मोडकळीस आलीं, तेव्हां त्यांतील कांहीं पंजाबी कुटुंबांनींच चालवावयास घेतलीं. अशा एका ठिकाणीं चिरंजीव आम्हांला घेऊन गेले. एका मेजावर आजीबाई नातवंडांसह जेवीत होत्या, दुसऱ्यावर पगडीधारी सरदारजी व पांढऱ्या केंसांचा इंग्रज कामगार फुटबॉलवर वाद घालीत होते. आम्हांलाही पनीर व लेमनेड मिळालें, आणि आमच्याकडे वळून कोणीं पाहिलें नाहीं.

कंबरलंडकडील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यांत निराळा उपाय झाला. तेथील जुना पब २००३ मध्यें लोकांनीं सहकारी संस्था काढून स्वतःच विकत घेतला. सहकाराचा महिमा महाराष्ट्राला सांगावयास नकोच. जेथें आपला भाग असतो तेथें पाऊल आपोआप वळतें.

एखादा गुत्ता बंद पडला तर बरेंच झालें, असें कोणी म्हणेल. आम्हींही तसें म्हटलें असतें. पण त्या चार डोक्यांपैकीं एक वृद्ध विधुर होता. मुलें दूरदेशीं, घरांत कोणी नाहीं. तो एक दिवस आला नाहीं, तर 'आज कां नाहीं आला?' असें विचारणारी जागा साऱ्या शहरांत तेवढी एकच. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांत माजघर व ओटा जें काम करतो, तें एकट्याच्या बाबतींत या सार्वजनिक घराला करावें लागतें. त्यांतील पेला वाईट असेल, पण ती विचारपूस वाईट कशी म्हणावी?

आणि आपल्याकडे तरी काय चाललें आहे? देवळाचा पार, गांवचें वाचनालय, व्याख्यानमालेचें सभागृह ही आमचीं सार्वजनिक घरें. तीं असावींत असें प्रत्येकाला वाटतें. वर्गणीही आपण देतों. जात मात्र नाहीं. जो नवखा जातो, त्याच्याकडे नेहमींचीं चार डोकीं 'हा कोण?' म्हणून वळतात. आपल्या कुटुंबांचीही आतां पांगापांग होत आहे. पुण्यामुंबईंतील कित्येक घरांत वडील मंडळी एकटींच उरलीं आहेत. अशा वेळीं या जागांचें कुलूप लागणें आपल्याला परवडणारें नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ तेथें जावें, जातांना घरांतील एखाद्या मुलाला बरोबर न्यावें, आणि दार लोटून कोणी अनोळखी आलें तर त्याला बसावयास जागा करून द्यावी, इतकेंच आमचें वाचकांना सांगणें आहे.