हिरव्या पाटीची गाडी कोणाच्या दारी?

अलीकडे रस्त्यावर हिरव्या पाटीच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. पेट्रोल नाही, डिझेल नाही, मागून धूर नाही. विजेवर चालणारे वाहन लांबूनच ओळखू यावे म्हणून सरकारने त्याला ही हिरवी नंबरपाटी दिली. शहराची हवा सुधारायची, वीज वाचवायची, उन्हापासून वीज करायची, अशी चर्चा आता रोज कानी पडते. आपल्या वस्तीत मात्र हा विषय काढला की लोक हसतात. "साहेब, इथं सायकलचं पंक्चर काढायला पैसे नाहीत आणि तुम्ही विजेच्या मोटारीचं सांगता!" असे आम्हांला अनेकांनी ऐकवले आहे.

बोलणे खोटे नाही, पण अपुरे आहे. हवा बिघडली की आधी खोकला कोणाला लागतो? काचा बंद करून मोटारीत बसणाऱ्याला नव्हे. पहाटे रस्ता झाडणाऱ्या भगिनीला, चौकात भाजी विकणाऱ्या मावशीला, दिवसभर हँडल धरून बसलेल्या रिक्षावाल्याला आणि थांब्यावर तासभर उभ्या असलेल्या कामगाराला लागतो. विजेचे बिल वाढले की तेल-साखरेला कात्री कोणाच्या घरात लागते? म्हणून हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा नाही, आपल्या पोटाचा आहे. प्रश्न एवढाच की, या सुधारणेचा लाभ कोणाच्या पदरात पडणार आणि किंमत कोण मोजणार?

आम्ही मुळशी तालुक्यात राहतो. हा प्रश्न येथल्या मातीला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी येथे धरण झाले. मुळा-निळा नद्यांचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिरा येथे उतरवायचे आणि त्यावर वीज तयार करून मुंबईला पुरवायची, अशी टाटांची योजना होती. मावळातील शेतकऱ्यांची घरे-शेते पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. लोक तुरुंगात गेले, पण धरण थांबले नाही. १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. कोळशाचा धूर नसलेली, आजच्या भाषेत 'हरित' म्हणावी अशीच ती वीज होती. मुंबईच्या गिरण्यांना ती मिळाली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या वस्त्यांत मात्र त्यानंतरही अनेक वर्षे रॉकेलची चिमणीच होती. आणि ज्या गिरण्यांत आपले लोक पोटासाठी गेले, त्यांतील चांगल्या पगाराचे विणखाते त्यांना बंद होते. तुटलेला धागा तोंडात धरावा लागतो म्हणून तेथे अस्पृश्य नको, असे सांगितले जाई. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. वीज चांगली की वाईट, हे केवळ तिच्या धुरावरून ठरत नाही. ती कोणासाठी आहे, यावरूनही ठरते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खाते त्यांच्याकडेच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट गरिबीशी जोडला. देशाला वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी, हाही प्रश्न त्यांनी तेथे मांडला. पुढच्याच वर्षी त्यांच्या खात्यामार्फत केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो. घरातील दिवा लावताना त्यांच्या या कामाचीही आठवण ठेवली पाहिजे.

आता आजच्या पुण्याकडे वळू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ साली एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. आधी सीएनजी आणि मग फेब्रुवारी २०१९पासून विजेच्या बसगाड्या तिच्या ताफ्यात आल्या. पुण्याच्या रिक्षाही सीएनजीवर आल्या. त्यासाठी किट बसवायला महापालिकेने रिक्षाचालकांना अनुदान दिले होते. ६ मार्च २०२२ रोजी पौड रस्त्यावरच्या वनाजपासून मेट्रो धावू लागली आणि जून २०२५मध्ये तो मार्ग चांदणी चौकापर्यंत वाढवायला केंद्राने मंजुरी दिली. हे सर्व स्वागतार्ह आहे. विजेच्या बसमध्ये बसले की इंजिनाची घरघर नाही, पायाखाली थरथर नाही. म्हाताऱ्या माणसाला आणि गरोदर भगिनीला तो फरक लगेच कळतो.

पण कारकुनाला जमेची बाजू पाहून थांबता येत नाही, खर्चाची बाजूही पाहावी लागते. २०२५ साली एकाच उन्हाळ्यात दोन निर्णय झाले. राज्याच्या नव्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे ठरले. आणि १ जूनपासून पीएमपीएमएलचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. विजेच्या मोटारीत एकटा बसणाऱ्याला माफी आणि विजेच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्याला वाढ! विजेच्या बसलाही पथकर माफ आहे, हे खरे. पण भूगाव-पिरंगुटहून धुणीभांडी करायला कोथरूडला जाणाऱ्या बाईला त्या माफीचा काय उपयोग? ती कुठे समृद्धी महामार्गावरून जाते?

हवेचाच हिशेब मांडला तरी हे उलटे दिसते. एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात. तीच माणसे चाळीस दुचाकींवर किंवा वीस-पंचवीस मोटारींतून निघाली तर हिंजवडीच्या रस्त्याचे काय होते, ते आपल्या तालुक्यातील लहान मूलही सांगेल. मोटारीची पाटी हिरवी झाली म्हणून कोंडी सुटत नाही. अनुदानाचा पहिला हक्क बसचा आणि बसमधल्या माणसाचा आहे.

आणखी एक गोष्ट. विजेच्या बसगाड्या मुख्यतः ठेकेदाराच्या असतात. त्याला दर किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि चालकही त्याचेच असतात. पूर्वी बसचा चालक म्हणजे कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि राखीव जागा. त्या नोकरीवर आपल्या कित्येक घरांतली मुले शिकली. नव्या गाडीबरोबर ती नोकरी गेली, तर धूर गेल्याचा आनंद किती करायचा? गाडी विजेची असावी आणि चालकाची नोकरीही नियमाची असावी, अशी आपली मागणी असली पाहिजे.

विजेची स्कूटर घ्यावी की नाही, असे तरुण मंडळी आम्हांला विचारतात. त्याचाही हिशेब सांगतो. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याला पेट्रोल साधारण वीस लिटर लागते. शंभराच्या वरचा दर धरला तर दोन हजार रुपये गेले. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला साधारण चाळीस युनिटे धरा. म्हणजे चारपाचशे रुपयांचे काम झाले. बचत खरी आहे. पण हप्ता किती, बॅटरीची हमी किती वर्षांची आणि मीटर कोणाच्या नावे, हे आधी पाहावे. चाळीत खिडकीतून वायर सोडून, साध्या पिनेवर रात्रभर गाडी लावून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पंधरा अँपिअरचे सॉकेट आणि व्यवस्थित अर्थिंग नसेल तर गाडी घेऊ नये. वस्त्यांमध्ये सुरक्षित चार्जिंगची सोय करणे हे ग्रामपंचायतीचे आणि महापालिकेचे काम आहे. ते मागितल्याशिवाय होणार नाही.

विजेचे वाहन धूर सोडत नाही, हे अर्धेच सत्य आहे. महाराष्ट्राची मोठी वीज अजूनही कोळशातून येते. पुण्याच्या चौकातला धूर कमी होतो तेव्हा त्यातला काही चंद्रपूरच्या आणि नागपूरजवळच्या कोराडीच्या धुरांड्यांतून निघतो. तेथील राख आपल्याच विदर्भातील बांधवांच्या अंगणात पडते. म्हणून वीज नुसती वापरून चालणार नाही, वाचवलीही पाहिजे. वाचवलेल्या युनिटाला कोळसा लागत नाही, धरण लागत नाही आणि कोणाचे घरही बुडत नाही.

ही बचत घरापासून सुरू होते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली शंभर युनिटे एका दराने आणि १०१ ते ३०० पर्यंतची दुसऱ्या दराने असतात. हा दुसरा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो. त्यावर इतर आकार आणि १६ टक्के वीजशुल्क. म्हणजे गृहिणीने लक्षात ठेवायचा आकडा एकच : शंभर. समजा घरात १३० युनिटे जळतात. जुने साठ वॅटचे तीन पिवळे बल्ब रोज पाच तास लागत असतील तर महिन्याला २७ युनिटे होतात. त्यांच्या जागी नऊ वॅटचे एलईडी लावले तर चारच होतात. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा. बारा तास चालला तर २७ युनिटे. नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा तीस वॅटचा, म्हणजे ११ युनिटे. दोन्ही मिळून ३९ युनिटे वाचली. बिल १३० वरून ९१ वर आले आणि महागातली सगळी युनिटे गेली. हा पंखा किमतीला जास्त पडतो, पण सतत चालणाऱ्या पंख्याच्या जागी बसवला तर वरचा खर्च लवकर भरून निघतो.

हाच हिशेब आम्ही आमच्या वस्तीतील विहारात मांडला. संध्याकाळी तेथे मुलांची अभ्यासिका भरते. जुन्या चोकच्या सहा ट्यूबलाइट आणि चार पंखे रोज चार तास चालत. मिळून महिन्याला सुमारे ७२ युनिटे होत. बैठकीत एका मावशींनी विचारले, "दादा, लाइटचं बिल वाचवून कुणाची पोरं साहेब झाली?" आम्ही म्हटले, "मावशी, वाचलेल्या पैशात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं येतील." मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग महिला मंडळाच्या भिशीतून पहिले पाचशे रुपये त्यांनीच दिले. चार महिन्यांत वर्गणी करून ट्यूबा आणि पंखे बदलले. आता युनिटे तिशीच्या आत येतात. वाचलेल्या रकमेचा हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर लिहिला जातो. पुस्तकांचे कपाट अजून अर्धेच भरले आहे, पण फळा मुले आवर्जून वाचतात. बारावीतल्या एका मुलीने तर आपल्या घराचे बिल आणून स्वतः हिशेब मांडला.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आमच्या माहितीतील एका चाळीत मालक सबमीटरवर मनाला येईल तो दर लावत असे. पाच भाडेकरूंनी मिळून मूळ बिलाची प्रत मागितली, दर महिन्याचे रीडिंग वहीत लिहायला सुरुवात केली आणि दर खाली आला. भांडण झाले नाही. वही पुरली.

छतावरच्या सौरऊर्जेचेही असेच आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहसंस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार आहे. २०२५ साली राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालील आणि शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी जादा अनुदानाची योजना मंजूर केली. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळे छत लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटे मिळतात. ज्याचे छत स्वतःचे आहे त्याने महावितरणच्या कार्यालयात चौकशी अवश्य करावी. कागद भरायला कोणी नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी भरून द्यावेत. सुशिक्षितांनी समाजाचे ऋण फेडायचे ते अशाच लहान कामांतून.

आणि ज्याला छतच नाही? त्याच्यासाठी बस आहे. म्हणून बसची मागणी सोडू नये. पौड, पिरंगुट, भूगाव आणि माणच्या कामगारांना पाळी सुटण्याच्या वेळी बस हवी, पास परवडणारा हवा आणि रात्री उशिरा सुटणाऱ्या भगिनींसाठी थांब्यावर दिवा हवा. हे अर्ज एकट्याने देऊ नयेत. शंभर सह्यांचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा जावे.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना प्रत्येक घराने विजेचे शेवटचे बिल बरोबर आणावे, एवढीच विनंती. वंदना झाल्यावर अर्धा तास बसून ती बिले एकत्र वाचू आणि त्याच बैठकीत बसच्या अर्जावर सह्याही घेऊ.