आधी कपाशी, मग रेल्वे

बडनेऱ्याहून नागपूरकडे निघालेली पॅसेंजर गाडी टिमटाळा, मालखेड अशी लहान स्थानकं घेत चांदूरला पोहोचते. पोहरा-मालखेडच्या झुडपी टेकड्या मागे पडल्या की दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन सुरू होते आणि ती थेट वर्धा नदीपर्यंत जाते. अमरावती जिल्ह्यातच उत्तरेला चांदूर बाजार आहे, म्हणून हे चांदूर रेल्वे. पुढचं मोठं स्थानकही धामणगाव रेल्वेच. अशा नावांमुळे समज होतो की ही गावं रेल्वेने वसवली. अमेरिकेच्या मध्यभागातल्या प्रेअरीवर, म्हणजे त्या अफाट गवताळ मैदानावर, तसं घडलं खरं. तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून रेल्वे कंपन्यांनी रूळ टाकले आणि स्थानकाभोवती भूखंड पाडून गावं विकली. चांदूरला जावं ते ही तुलना मनात धरून. सपाट जमीन, एका नगदी पिकावर उभा संसार, रुळांच्या कडेचं गाव, इतकं साम्य असूनही दोन्हीकडच्या कथा वेगळ्या झाल्या. माझं म्हणणं असं की हा फरक रेल्वेमुळे पडला नाही. स्थानकावर आलेल्या मालाचा भाव कोणाच्या हाती होता, त्यावरून तो पडला.

त्यासाठी 1853 हे साल नीट पाहायला हवं. त्या वर्षी 16 एप्रिलला मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. चारच दिवसांनी गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेवरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. हिंदुस्थानात पिकणारा कापूस इंग्लंडला हवा आहे आणि तो बंदरापर्यंत आणायला साधन नाही, हा मुद्दा त्यात उघड मांडलेला आहे. पुढच्याच महिन्यात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निझामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालं. डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि 1854मध्ये त्यांचं राज्य खालसा झालं. 1803च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीपलीकडचा पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला होता. धामणगाव सोडून पुलगावला जाताना गाडी ओलांडते ती हीच सरहद्द. वर्षभराच्या आत नदीच्या दोन्ही तीरांवरचा कापूस एका सत्तेखाली आला आणि मग त्या कापसाच्या दिशेने रूळ निघाले. कास्तकाराने ही गाडी मागितली नव्हती.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: रेल्वे नसती तर वऱ्हाडचा कापूस वावरातच पडून राहिला असता. पुरावा याच्या उलट आहे. आल्फ्रेड लायलने 1870 साली संपादित केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरात एक हकिगत आहे. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने 1842 या एका वर्षात लाखभर बैलांवर कापूस लादून मिर्झापूरच्या वाटेने कलकत्त्याला रवाना केला, असं तेव्हा सांगितलं जाई. आकडा फुगलेला असू शकेल, पण वाट खरी होती आणि ती मिर्झापूरपर्यंतच सुमारे पाचशे मैलांची होती. बाजारही होता, भांडवलही होतं. दुसरा समज अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, बंडीच्या चाकांना लोकांनी चांदीच्या धावा बसवल्या, अशा कथा रंगवून सांगितल्या जातात. पण मुंबईची गाडी नागपूरला पोहोचली ती 1867मध्ये. तोवर युद्ध संपलं होतं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात उतरू लागला होता आणि इथले भाव कोसळले होते. चांदूरच्या फलाटावर गाडी आली ती तेजी ओसरल्यावर, मंदीत. गाडी जाताना कापूस नेई, येताना मँचेस्टरचं कापड आणी. तेव्हाचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने तर लिहूनच ठेवलं आहे की विलायती कापड स्वस्तात आत आलं, की इथले कोष्टी-विणकर शेतमजुरीकडे वळतील आणि निर्यातीला जास्त कापूस मिळेल.

प्रेअरीवरच्या शेतकऱ्यालाही रेल्वेने आणि कोठारवाल्यांनी नाडलंच. फरक पडला तो त्यानंतर. आपली गाडी नागपूरला पोहोचली त्याच 1867 साली तिकडे ‘ग्रेंज’ ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली. 1871मध्ये इलिनॉय राज्याने धान्यकोठारांचे दर बांधून देणारा कायदा केला आणि 1877मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. इथेही कायदा झाला, आणि तो देशात पहिला होता. 1886मध्ये कारंज्याला पहिली नियंत्रित बाजारपेठ उभी राहिली, 1897मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. या गोष्टीचा अभिमान सांगितला जातो आणि त्याला आधारही आहे. पण गिरण्यांना चांगला कापूस रास्त दरात मिळावा, ही त्या कायद्यामागची मुख्य गरज होती. तिकडच्या शेतकऱ्याजवळ मत होतं, आमदार पाडायची ताकद होती. चांदूरला बंडी घेऊन आलेल्या माणसाजवळ यातलं काहीच नव्हतं.

मात्र रेल्वेने दुष्काळात माणसं वाचवली, हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. मिशेल मॅकअल्पिन यांनी ‘सब्जेक्ट टू फॅमिन’ या 1983च्या पुस्तकात पश्चिम भारतासाठी तो मांडला: रेल्वेने धान्य हलू लागलं, त्यामुळे पीक बुडालं की माणूस मेलाच, हे जुनं समीकरण मोडलं. लक्ष्मण सत्य यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’मध्ये नेमकं वऱ्हाड घेऊन उलट निष्कर्ष काढला: कपाशीच्या पसाऱ्याने ज्वारी आणि चराऊ रानं आक्रसली, दुष्काळाची ताकद वाढली. मला सत्य यांची बाजू या मुलखापुरती जास्त पटते. 1899-1900च्या दुष्काळात वऱ्हाडात रेल्वे जुनी झाली होती, बाजार समृद्ध म्हणून नावाजलेले होते. तरी 1891 ते 1901 या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 5 टक्क्यांनी घटली. मॅकअल्पिन यांचा मुद्दा त्यामुळे सगळा खोटा ठरत नाही. धान्य रुळांवरून आलं, हे खरंच. पण वावरं कोरडी पडल्यावर ज्याची निंदणी गेली, वेचणी गेली, त्या मजुराच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता. मालगाडी धान्य पोहोचवते, मजुरी पोहोचवत नाही.

या भागात येणारे बहुतेक लोक कौंडिण्यपूरला जातात. रुक्मिणीचं माहेर, वर्धेचा काठ आणि मोरेश्वर दीक्षितांनी केलेलं उत्खनन, हे सगळं पाहण्याजोगं आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. वाटेवरची वावरं मात्र कोणी फारशी वाचत नाही. पऱ्हाटीच्या जोडीने तिथे आता सोयाबीन उभं दिसतं. प्रेअरीचं हे मुख्य पीक गेल्या तीन-चार दशकांत वऱ्हाडाच्या काळ्या मातीत शिरलं. कापसाचा भाव एके काळी लिव्हरपूलकडे पाहून ठरे. सोयाबीनचा आज शिकागोच्या वायदेबाजाराकडे आणि दिल्लीतल्या खाद्यतेलाच्या आयातशुल्काकडे पाहून ठरतो. हमीभाव जाहीर होतो. अनेक हंगामांत बाजारातला भाव त्याच्याखाली राहतो. डिसेंबर 2022मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्गही चांदूर रेल्वे तालुक्यातून गेला आहे. नव्या रस्त्याने माल लवकर पोहोचेल, हे म्हणणं बरोबर आहे. 1867मध्येही ते बरोबरच होतं. इकडे रेल्वेचं नाव लावणाऱ्या या गावाला काही लांब पल्ल्याच्या गाड्यांचा थांबा मात्र अजून मागावा लागतो.

कार्तिकात कौंडिण्यपूरच्या यात्रेला जाणाऱ्यांनी एक सकाळ चांदूरच्या बाजार समितीसाठी राखून ठेवावी. सोयाबीनची आवक तेव्हा जोरात असते आणि कापसाची वेचणी चालू असते. लिलाव उभ्याने पाहावा, आजचा भाव कशावरून निघाला हे अडत्याला विचारावं, आणि तोच प्रश्न पोतं घेऊन आलेल्या कास्तकारालाही विचारावा.